फ्रान्समध्ये वेगळं व्हायची वेळ आली, तर वकिलाकडे जाण्याआधीची तयारी

फ्रान्समध्ये राहणाऱ्या मराठी जोडप्याचा संसार मोडायला आला की पहिला फोन आईवडिलांना जातो आणि दुसरा बहुधा पुण्या-नाशिकच्या ओळखीच्या वकिलाला. तिथून मिळणारा सल्ला प्रामाणिक असतो, पण तो भारतीय कायद्याचा असतो. तुम्ही दोघंही फ्रान्समध्ये राहत असाल आणि वेगळ्या कायद्याची लेखी निवड केली नसेल, तर घटस्फोट फ्रेंच कायद्यानेच होतो. पासपोर्ट भारतीय असले, लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असलं, तरी त्याने फरक पडत नाही. युरोपीय संघाचा ‘रोम तीन’ नावाचा नियम 21 जून 2012 पासून हेच सांगतो. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे फ्रान्समधल्या वकिलाची वेळ घेणं. भारतातल्या वकिलाची गरज पुढे लागते, आणि ती नेमकी कुठे लागते ते खाली येईलच. ही यादी वकिलाची जागा घेणार नाही. त्याच्यासमोर बसाल तेव्हा अर्धा तास ‘म्हणजे काय हो’ विचारण्यात जाऊ नये, एवढ्यासाठी ती आहे.

मार्ग कोणता, हे आधी आपापसांत बोलून पाहा. फ्रान्समध्ये चार मार्ग आहेत. दोघांना सगळंच मान्य असेल, म्हणजे वेगळं होणं, मुलं, पैसा, घर, तर 1 जानेवारी 2017 पासून न्यायाधीशाकडे न जाताही घटस्फोट होतो. दोघांचे दोन स्वतंत्र वकील लागतात, एकाच वकिलावर भागत नाही. वकिलांनी केलेला कराराचा मसुदा रजिस्टर्ड पोस्टाने हातात पडला की पंधरा दिवस विचारासाठी मिळतात, त्याआधी केलेली सही चालत नाही. मग सह्या होतात, करार नोतेरकडे, म्हणजे करारांची अधिकृत नोंद करणाऱ्या सरकारमान्य अधिकाऱ्याकडे, जमा होतो आणि त्या दिवसापासून घटस्फोट लागू होतो. नोतेरची नोंदणी फी साधारण पन्नास युरो आहे, खरा खर्च वकिलांचा. समजूतदार मुलाला न्यायाधीशाशी बोलायचं असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो.

भारताशी नातं ठेवून असणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. भारतीय न्यायालयं परदेशी घटस्फोट कधी मानतात याची चौकट सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये नरसिंह राव विरुद्ध व्यंकट लक्ष्मी या निकालात घालून दिली आहे. ती परदेशी न्यायालयाच्या निकालाबद्दल आहे, आणि नोतेरकडे जमा केलेल्या करारामागे न्यायालयच नसतं. उद्या भारतात पुनर्विवाह करायचा असेल किंवा तिथली मालमत्ता वाटायची असेल, तर हा कागद अडू शकतो. त्यामुळे दोघांचं एकमत असलं तरी न्यायाधीशापुढचा मार्ग धरायचा का, की भारतातल्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करायचा, हा प्रश्न दोन्ही देशांतल्या वकिलांना एकाच आठवड्यात विचारा. भारतातल्या वकिलाची खरी गरज इथे आहे. स्वस्तात आणि लवकर होतंय म्हणून नोतेरचा मार्ग धरू नका. माझ्या मते ज्यांचे आईवडील, घर, जमीन भारतात आहे, त्यांना न्यायालयाचा शिक्का असलेला निकालच जास्त सुरक्षित.

बाकीचे तीन मार्ग न्यायाधीशापुढचे. वेगळं व्हायचं हे दोघांना मान्य, पण अटींवर वाद, हा एक. किमान एक वर्षापासून वेगळं राहणं, हा दुसरा. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती, 1 जानेवारी 2021 पासून ती एक वर्षावर आली. तिसरा म्हणजे एकाची गंभीर चूक सिद्ध करणं. आपल्याकडे अनेकांना वाटतं की समोरच्याचा दोष सिद्ध झाला की मुलं आणि पैसा दोन्ही आपल्याकडे येतात. इथे तसं होत नाही. मुलांचा निर्णय मुलांच्या हितावर होतो, पैशाचा निर्णय मिळकतीवर आणि गरजेवर. मारहाण, छळ असेल तर गोष्ट वेगळी, ती सांगायलाच हवी. पण केवळ राग काढण्यासाठी व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट गोळा करण्यात आयुष्याची दोन वर्षं घालवू नका. शरीरसंबंधांना नकार दिला म्हणून पत्नीवर दोष ठेवणाऱ्या एका फ्रेंच निकालावरून मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने 23 जानेवारी 2025 रोजी फ्रान्सला दोषी ठरवलं, हेही माहीत असू द्या. त्या भीतीने कोणी गप्प बसत असेल तर बसू नये.

आता हिंसेचं. घरात मारहाण, धमकी, पासपोर्ट काढून घेणं, पैसे बंद करणं असं काही चालू असेल तर ही सगळी यादी बाजूला ठेवा. तातडीसाठी पोलिसांचा 17 आणि महिलांवरील हिंसाचारासाठीचा 3919 हे दोन नंबर पाठ असू द्या. कुटुंब न्यायाधीश, ज्याला इथे सगळे ‘जाफ’ म्हणतात, संरक्षण आदेश देऊ शकतो. सुनावणीची तारीख ठरल्यापासून सहा दिवसांच्या आत निर्णय द्यावा असा नियम आहे. 2024 च्या कायद्यानंतर या आदेशाची मुदत सहा महिन्यांवरून बारा महिन्यांपर्यंत वाढली. ज्या बायका नवऱ्याच्या नोकरीच्या आधारावर मिळालेल्या ‘तालाँ-फामी’ निवासकार्डावर इथे राहतात, त्यांना सर्वांत मोठी भीती असते ती कार्ड जाण्याची. त्या कार्डाचा आधार वैवाहिक जीवन आहे, म्हणून ही भीती खोटी नाही. पण संरक्षण आदेश मिळालेल्या परदेशी व्यक्तीला त्या आधारावर स्वतंत्र निवासपरवाना मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. हिंसा नसतानाही, घटस्फोटाची गाडी सुटण्याआधी स्वतःच्या कार्डाचं काय होणार, नोकरीवर किंवा मुलांवर आधारलेला दुसरा परवाना मिळेल का, हे परदेशी नागरिकांच्या कायद्यातल्या वकिलाला विचारून घ्या. कौटुंबिक वकिलाला हा भाग माहीत असेलच असं नाही.

कागद. फ्रान्समध्ये तोंडी सांगण्याला फार किंमत नाही, फाइल बोलते. लग्नाचा दाखला लागेल, आणि तो ग्रामपंचायतीने किंवा महानगरपालिकेने दिलेला विवाह नोंदणीचा हवा, कार्यालयाची पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. त्यावर राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का, आणि इथल्या न्यायालयाच्या यादीवरच्या अनुवादकाकडून फ्रेंच भाषांतर. या एका कागदाला महिने जाऊ शकतात, म्हणून तो सर्वांत आधी मागवा. मुलं इथे जन्मली असतील तर त्यांचे ताजे जन्मदाखले मॅरीकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, मिळतात, आणि ते तीन महिन्यांच्या आतले लागतात. याशिवाय दोघांच्या गेल्या तीन वर्षांच्या कराच्या नोटिसा, शेवटच्या बारा महिन्यांच्या पगारपावत्या, भाडेकरार किंवा कर्जाचं वेळापत्रक, काफ या कुटुंबभत्ते देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मिळणाऱ्या भत्त्यांचा दाखला, पाळणाघर, शाळा, कँटीन, क्लासच्या पावत्या, आणि सगळ्या बँकांची खातेपत्रकं, भारतातल्या एनआरई-एनआरओ खात्यांसकट. भारतातली खाती लपवण्याचा मोह अनेकांना होतो. न्यायाधीशापुढे मिळकतीचं प्रतिज्ञेवर निवेदन द्यावं लागतं, आणि भारतातल्या खात्यांची माहिती इथल्या करखात्याला देणं तसंही बंधनकारक आहे. ज्या जोडीदाराला घरातल्या पैशांचं काहीच माहीत नाही, त्याने अजून एका छताखाली असतानाच या कागदांच्या प्रती काढून सुरक्षित जागी ठेवाव्यात. कराची नोटीस दोघांच्या नावाने येते, ती पाहण्याचा हक्क दोघांचा आहे.

घराबद्दल थोडं. भाडेकरारावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं, तो लग्नाआधी केलेला असला, तरी लग्न झालं की राहत्या घराचे भाडेकरू दोघं मानले जातात. त्यामुळे ‘माझ्या नावावर आहे, उद्या बाहेर हो’ असं कोणी कोणाला म्हणू शकत नाही. उलट बाजू अशी की घटस्फोटाची रीतसर नोंद होईपर्यंत भाड्याची जबाबदारीही दोघांची राहते, एक जण बाहेर पडला तरी. मालकीचं कौटुंबिक घर एकाच्या नावावर असलं तरी दुसऱ्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. धोका नसेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय घर सोडू नका, आणि मुलांना मागे ठेवून तर मुळीच नको, कारण पुढे न्यायाधीश मुलं सध्या कुठे राहतात, त्यांची घडी कशी बसली आहे, तिथूनच पाहायला सुरुवात करतो.

मुलांचा विषय मी सगळ्यात जास्त जागा देऊन लिहितोय, कारण चुका इथेच होतात आणि त्या भरून निघत नाहीत. ‘ताबा कोणाला’ या प्रश्नाने विचार करायला लागलात तर वाट चुकते. फ्रेंच कायद्यात घटस्फोटानंतरही पालकत्वाचा अधिकार दोघांचाच राहतो, तो एकाकडून काढून घेणं हा अपवाद. शाळा, मोठं आजारपण, धर्म, परदेशात राहायला नेणं हे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. न्यायाधीश ठरवतो ते मूल कुठे राहील हे. एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे अशी आलटून-पालटून राहणी असू शकते, किंवा एकाकडे मुक्काम आणि दुसऱ्याकडे एकाआड एक शनिवार-रविवार आणि शाळेच्या सुट्ट्यांचा अर्धा भाग.

म्हणून मुलाचा आठवडा कागदावर लिहून काढा. सकाळी शाळेत कोण सोडतं, बुधवारी दुपारी शाळा नसते तेव्हा कोण असतं, डॉक्टरकडे कोण नेतं, शिक्षकांशी कोण बोलतं, घर ते शाळा अंतर किती, दोघांच्या ऑफिसच्या वेळा काय. एकमेकांवर आरोपांची पानं भरण्यापेक्षा हा आठवडा न्यायाधीशाला जास्त सांगतो. ‘आजी भारतातून येऊन राहील’ यावर वेळापत्रक उभं करू नका, आजीचा व्हिसा तुमच्या हातात नाही. पण आजी-आजोबांशी नातं हा फ्रेंच कायद्याने मुलाला दिलेला हक्क आहे. दर रविवारी सकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल, दिवाळीच्या वेळची सुट्टी एका वर्षी आईकडे आणि पुढच्या वर्षी बाबांकडे, मे महिन्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये भारतात जाणं, तिकिटं कोण काढणार, पासपोर्ट कोणाकडे राहणार आणि प्रवासाआधी किती दिवस तो द्यायचा, हे सगळं करारात किंवा निकालात लिहून घेता येतं. लिहून घ्याच. आज शब्दावर विश्वास असतो, तीन वर्षांनी नवीन जोडीदार आल्यावर तो राहीलच असं नाही.

आणि कितीही जीव घाबरा झाला तरी दुसऱ्या पालकाला न सांगता मुलाला घेऊन विमानात बसू नका. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलचा 1980 चा हेग करार फ्रान्सने मान्य केला आहे, भारताने नाही. याचा अर्थ काहींना सोयीचा वाटतो, की भारतात गेलं की कोणी परत आणू शकणार नाही. फ्रान्समध्ये हा फौजदारी गुन्हा आहे आणि नेणाऱ्याला पुढे इथे परतणंही अवघड होतं. भारतातली न्यायालयं मुलाचं हित बघून त्याला परत पाठवण्याचा आदेश देऊ शकतात, पण त्यात वर्षं जातात आणि त्या काळात मूल एका पालकाला मुकतं. उलट बाजूने, समोरचा मुलाला घेऊन जाईल अशी खरी भीती असेल तर प्रेफेक्चरकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या कचेरीकडे, किंवा पोलिसांकडे तातडीने देश सोडण्यास हरकत नोंदवता येते. ती पंधरा दिवस टिकते, तेवढ्यात जाफकडे अर्ज करून दोन्ही पालकांच्या संमतीशिवाय मुलाने देशाबाहेर जाऊ नये असा आदेश घ्यायचा असतो. पुढे एक पालक दुसऱ्या गावी राहायला जाणार असेल आणि त्याने मुलांच्या भेटीत अडचण येणार असेल, तर आधीच आणि वेळेत दुसऱ्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

समज आलेल्या मुलाला न्यायाधीशाला भेटायचं असेल तर तो मुलाचा हक्क आहे, त्यासाठी मुलाला स्वतंत्र वकील मोफत मिळतो. वयाची ठरावीक रेषा नाही. मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. न्यायाधीशांना ते कळतं, आणि मुलाच्या मनावर त्याचं ओझं राहतं.

मुलांसाठीचा पैसा, पाँसियों आलिमाँतेर, हा जोडीदाराच्या पोटगीपेक्षा पूर्ण वेगळा हिशेब आहे, हे मनात पक्कं करा. न्याय मंत्रालयाने एक संदर्भतक्ता दिलेला आहे. पैसे देणाऱ्याच्या महिन्याच्या निव्वळ मिळकतीतून आरएसए या किमान भत्त्याची रक्कम, म्हणजे सध्या साधारण 650 युरो, वजा करतात आणि उरलेल्यावर टक्केवारी लावतात. मिळकत 2650 युरो असेल तर उरतात 2000. एक मूल आणि नेहमीचं भेटीचं वेळापत्रक असेल तर 13.5 टक्के, म्हणजे 270 युरो. दोन मुलं असतील तर प्रत्येकी 11.5 टक्के, मिळून 460. भेटी फार कमी असतील तर एका मुलासाठी 18 टक्के, आलटून-पालटून राहणी असेल आणि दोघांच्या मिळकतीत फरक असेल तर 9 टक्के. न्यायाधीश या तक्त्याला बांधलेला नाही. मुलाचा दम्याचा खर्च, भारतात जाण्याची तिकिटं, दुसऱ्या पालकाची मिळकत हे सगळं तो पाहतो, म्हणून पावत्या. ही रक्कम दर वर्षी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढते. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून ती आपोआप थांबत नाही, मूल स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत चालते.

पैसे मिळण्याची व्यवस्थाही आधीच समजून घ्या. 2023 च्या सुरुवातीपासून नव्या निर्णयांमध्ये ही रक्कम शक्यतो थेट एकमेकांना न जाता आरिपा या सरकारी संस्थेमार्फत जाते, काफ ती दर महिन्याला एकाकडून घेऊन दुसऱ्याला देते. दोघांनी मिळून नको म्हटलं तरच हे टळतं, आणि हिंसेच्या प्रकरणात तेही नाही. माझा सल्ला, नको म्हणू नका. ‘आपण समजूतदार आहोत’ म्हणून ही व्यवस्था नाकारण्यात काही फायदा नाही, आणि दर महिन्याला पैशासाठी मेसेज करावा लागला की उरलासुरला समजूतदारपणाही जातो. पैसे थकले तर आरिपा मागच्या 24 महिन्यांपर्यंतची थकबाकी वसूल करते. एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकाला, दुसरा देत नसेल तर, काफकडून प्रत्येक मुलामागे महिन्याला सुमारे 200 युरोचा आधारभत्ता मिळू शकतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ जाणूनबुजून पैसे न देणं हा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि 15,000 युरो दंड. भेट नाकारली म्हणून पैसे बंद, पैसे बंद म्हणून भेट बंद, अशी साखळी लावू नका. कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत.

जोडीदारासाठीची रक्कम म्हणजे प्रेस्तासियों कोंपाँसातवार. घटस्फोटामुळे दोघांच्या राहणीमानात जी दरी पडते, ती भरून काढण्यासाठी ती असते. भारतासारखी दरमहा तहहयात पोटगी इथे विरळा, बहुतेकदा एकरकमी किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांत हप्त्यांनी. लग्नाची वर्षं, वय, तब्येत, शिक्षण, मुलांसाठी सोडलेली नोकरी, म्हातारपणी मिळणारं पेन्शन हे सगळं धरलं जातं. नवऱ्याच्या बदलीबरोबर बेंगळुरू-पुण्याची नोकरी सोडून आलेल्या आणि इथे फ्रेंच येत नाही म्हणून घरी राहिलेल्या बायकांनी ही गोष्ट नीट मांडावी. जुनं नेमणूकपत्र, राजीनामा, शेवटची पगारपावती, पदव्या, पीएफचा तपशील, इथे केलेले नोकरीचे अर्ज, फ्रेंचच्या वर्गांचे दाखले, सगळं फाइलमध्ये ठेवा. नवऱ्याने घर सांभाळलं असेल तर त्यालाही हाच हक्क आहे. ही मागणी घटस्फोटाच्या दाव्यातच करावी लागते, निकाल लागल्यावर दार बंद होतं. दावा चालू असताना महिन्याच्या खर्चासाठी वेगळी तात्पुरती मदत मागता येते, तीही पहिल्या सुनावणीतच मागा.

मालमत्तेत लग्नाची तारीख आणि लग्नानंतर पहिला संसार कुठे थाटला, या दोन गोष्टी वकील विचारणारच. लग्नाआधी करार नसेल तर फ्रेंच कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं अर्धं-अर्धं, आणि लग्नाआधीचं किंवा भेट, वारसा म्हणून मिळालेलं ज्याचं त्याचं. गोव्याच्या लोकांना सामाईक मालमत्तेची कल्पना तिथल्या नागरी संहितेमुळे परकी वाटणार नाही, महाराष्ट्रातून आलेल्यांना मात्र धक्का बसतो. लग्नानंतर लगेच फ्रान्समध्ये आलात, तर बहुधा हाच नियम तुम्हाला लागू होतो. आधी काही वर्षं भारतात संसार केला असेल तर सुरुवात भारतीय कायद्यापासून होते, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचं. पण लग्न 1 सप्टेंबर 1992 ते 28 जानेवारी 2019 या काळातलं असेल आणि तुम्ही फ्रान्समध्ये दहा वर्षं राहिला असाल, तर पती-पत्नींच्या मालमत्तेबद्दलच्या 1978 च्या हेग करारानुसार तिथून पुढच्या कमाईला फ्रेंच नियम आपोआप लागू झालेला असू शकतो, तुम्हाला कोणी न सांगता. 29 जानेवारी 2019 पासूनच्या लग्नांना ही आपोआपची अदलाबदल नाही. पासपोर्टवरचे शिक्के, पहिला भाडेकरार, पहिला निवासपरवाना यांवरून या तारखा सिद्ध होतात.

फ्रेंच नियम लागू असेल तर इथल्या पगारातून हिंजवडीत एकाच्या नावावर घेतलेला फ्लॅटही हिशेबात येतो. त्याची नोंद फ्रेंच न्यायाधीश बदलू शकत नाही, पण नोतेर त्याची किंमत वाटणीत धरू शकतो, म्हणून खरेदीखत आणि कर्जाची कागदपत्रं आणून ठेवा. लग्नात माहेरून मिळालेलं सोनं तिचं स्वतःचं, पण सिद्ध करता आलं नाही तर ते सामाईक मानलं जाऊ शकतं. सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो, लॉकरचा करार शोधून काढा. फ्रान्समधलं घर वाटायचं असेल तर नोतेर अनिवार्य आणि घटस्फोटातल्या वाटणीवर 1.10 टक्के कर पडतो, तो खर्चात धरून चाला.

वकिलाची फी परवडत नसेल तर एद ज्युरिदिक्सियोनेल या सरकारी मदतीचा अर्ज करा. ती 100, 55 किंवा 25 टक्के मिळते, आणि दावा जोडीदाराविरुद्ध असल्याने त्याची मिळकत त्यात धरत नाहीत. वाद बोलण्यापुरता शिल्लक असेल तर काफच्या मदतीने चालणारी कौटुंबिक मध्यस्थी आहे. पहिली माहिती-बैठक मोफत, पुढे मिळकतीनुसार दर बैठकीला प्रत्येकी 2 ते 131 युरो. फ्रेंच कच्चं असेल तर दुभाषा आधीच मागा आणि नातेवाइकाला त्या खुर्चीत बसवू नका.

निकाल हाती आला की काम संपलं असं समजू नका. तो समोरच्याला रीतसर बजावावा लागतो, त्यानंतर अपिलाची एक महिन्याची मुदत असते, आणि ती उलटल्यावर अपील झालं नसल्याचा दाखला न्यायालयाकडून घ्यायचा. निकाल आणि हा दाखला, दोन्हींच्या अपोस्टिल केलेल्या प्रती आणि इंग्रजी भाषांतर करून ठेवा, कारण पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायला, भारतातल्या बँकेत नॉमिनी बदलायला आणि पुढच्या प्रत्येक कचेरीत हेच दोन कागद मागतील. वकिलाची फाइल बंद होण्याआधी त्याच्याकडूनच या प्रती मागून घ्या.